कॅन्टेरात रिअ‍ॅक्टर पेटत नाहीये? टॉलरन्सला हात लावायच्या आधी हे बघा

कॅन्टेरा, म्हणजे ज्वलन आणि केमिस्ट्रीचं गणित करणारं सॉफ्टवेअर, त्यात कोड रन होतो, एकही एरर नाही, स्टेडी स्टेटपर्यंत जायची कमांड पण गुपचूप परत येते, आणि शेवटी तापमान प्रिंट केलं की ३०० केल्व्हिन. म्हणजे मिथेन आणि हवा जशी आत गेली तशीच बाहेर आली, कन्व्हर्जन शून्य. मग पोरं येतात विचारायला, सर हे सॉफ्टवेअर फुकटचं आहे म्हणून असं करतंय का. नाही रे बाबा. बायोगॅस बर्नरवर प्रोजेक्ट करणारे, गॅस टर्बाइनचा कम्बस्टर मॉडेल करणारे, पीएचडीचं पहिलं वर्ष असलेले, दर सेमिस्टरला कुणी ना कुणी हाच प्रश्न घेऊन येतं म्हणून एकदाचं सगळं लिहून ठेवतोय, पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवीन.

आधी एक गोष्ट. प्रत्येक जण येतो तेव्हा टॉलरन्स (सॉल्व्हरला किती चूक चालेल ती मर्यादा) बदलून आलेला असतो. कॅन्टेरात डिफॉल्ट रिलेटिव्ह टॉलरन्स दहाचा उणे ९ घात आणि अ‍ॅब्सोल्यूट दहाचा उणे १५ घात असतो, म्हणजे आधीच भरपूर कडक, आणि आतला सॉल्व्हर म्हणजे लॉरेन्स लिव्हरमोर लॅबचा सनडायल्स, स्टिफ केमिस्ट्रीसाठीच (काही बदल फार वेगात, काही फार हळू) बनवलेला. तो तुमच्या ५३ स्पीशीज (रेणूंचे प्रकार) आणि ३२५ रिअ‍ॅक्शनच्या जीआरआय ३.० ला, म्हणजे नॅचरल गॅस जळण्याच्या मेकॅनिझमला (कुठल्या रिअ‍ॅक्शन किती वेगाने होतात त्याची यादी), घाबरत नाही. टॉलरन्स ढिला करून थंड गॅस पेटत नसतो आणि घट्ट करूनही पेटत नसतो. त्यामुळे ती लाइन आधी होती तशी करा आणि मग पुढे वाचा.

तर रिअ‍ॅक्टर पेटत नाही कारण तुम्ही काडीच लावलेली नाही. शेगडीचा नॉब फिरवला, गॅस सुरू, हवा सुरू, आणि समोर उभं राहून वाट बघताय. ३०० केल्व्हिनला मिथेन आणि हवा शेजारी शेजारी कितीही वेळ बसतील. कोडमध्ये तुम्ही रिअ‍ॅक्टर बनवताना त्यात तोच फीडचा थंड गॅस भरलेला असतो, नेटवर्क वेळेत पुढे जातं, आत थंड बाहेर थंड, सगळे डेरिव्हेटिव्ह जवळपास शून्य, सॉल्व्हर म्हणतो झालं स्टेडी. आणि ते खरंच स्टेडी आहे! एकाच फीडला, एकाच रेसिडन्स टाइमला (गॅस टाकीत सरासरी जेवढा वेळ राहतो तो) सीएसटीआरच्या, म्हणजे सतत ढवळत असलेल्या टाकीच्या, तीन स्टेडी स्टेट असू शकतात, एक विझलेली, एक पेटलेली आणि मधली एक अनस्टेबल जिच्यावर वेळेत पुढे जाणारा कोड कधीच टिकत नाही. तो एस आकाराचा कर्व्ह तिसऱ्या वर्षाला सगळ्यांनी काढलेला असतो, परीक्षेत काढतात आणि तिथेच सोडून येतात. यातल्या कुठल्या स्टेटला जाणार हे ठरतं सुरुवातीला टाकीत काय होतं त्यावर.

आपल्याकडची बरीच मंडळी आयआयटी मुंबईच्या फॉसी या ओपन सोर्स प्रकल्पामुळे डीडब्ल्यूसिम या प्रोसेस सिम्युलेटरवरून इकडे येतात, तिथे सीएसटीआरचा ब्लॉक ठेवायचा, व्हॉल्यूम द्यायचा, रिअ‍ॅक्शन सेट द्यायचा, सोडवून मोकळं. स्टेडी स्टेट फ्लोशीटमध्ये टाकीत आधी काय भरलं होतं असं कोणी विचारतच नाही. कॅन्टेरा मात्र टाइम इंटिग्रेशन करतो, त्याला सुरुवात लागतेच, आणि तुम्ही दिली नाही तर जे हाताशी आहे ते तो सुरुवात म्हणून धरतो.

उपाय सोपा आहे. रिअ‍ॅक्टर बनवायच्या आधी गॅसवर इक्विलिब्रेट चालवा, 'एचपी' देऊन, म्हणजे एन्थाल्पी आणि प्रेशर तेच ठेवून गॅस पूर्ण जळालेल्या अवस्थेला जातो. स्टॉइकिओमेट्रिक (पूर्ण जळायला लागते तेवढीच हवा) मिथेन-हवा ३०० केल्व्हिन आणि १ अ‍ॅटमॉस्फिअरला असेल तर साधारण २२२५ केल्व्हिन येतं. आता या गरम गॅसने टाकी भरा आणि थंड फीड आत सोडा, रेसिडन्स टाइम पुरेसा असेल तर जळत राहील. कॅन्टेराबरोबर येणारं कम्बस्टरचं उदाहरण नेमकं असंच करतं पण ती एक ओळ लोक कॉपी करताना गाळतात, त्यांना वाटतं ही कसली चीटिंग, उत्तर आधीच भरून द्यायचं. चीटिंग नाहीये, ती काडी आहे.

पण इथेच दुसरा खड्डा आहे आणि मी स्वतः त्यात पडलोय, दोन दिवस गेले होते. ओळींचा क्रम बघा. आधी गॅस फीडच्या कंडिशनला सेट करायचा, त्यातून इनलेटचा रिझर्व्हॉयर (अवस्था न बदलणारा साठा) बनवायचा, मग इक्विलिब्रेट, मग रिअ‍ॅक्टर. मी इक्विलिब्रेट वर नेलं कारण कोड नीटनेटका दिसत होता, त्यामुळे रिझर्व्हॉयरने पण जळालेला गॅस उचलला आणि माझा बर्नर कुठल्याही फ्लोला विझेना. रेसिडन्स टाइम मायक्रोसेकंदावर आणला तरी २२२५. मी खूश, गाइडला दाखवलं, त्यांनी एकच विचारलं की इनलेटमध्ये ऑक्सिजन किती आहे ते प्रिंट कर. विषय संपला. तेव्हापासून मी रिझर्व्हॉयर बनवल्यावर लगेच त्याचं तापमान आणि ऑक्सिजनचा मोल फ्रॅक्शन छापतो.

कुणाला इक्विलिब्रेट आवडत नसेल तर दुसरा रस्ता म्हणजे इग्नायटर. तिसऱ्या एका रिझर्व्हॉयरमधून थोडे हायड्रोजन अ‍ॅटम एका छोट्या गाउसियन पल्सने आत सोडायचे, रॅडिकल मिळाले की साखळी सुरू होते. जुन्या उदाहरणांत हेच होतं. यातली गोम अशी की सुरुवातीला काहीच घडत नसतं त्यामुळे सॉल्व्हर लांब लांब टांगा टाकत जातो आणि पल्स एका टांगेत ओलांडून जातो, त्याला कळतही नाही की मध्ये काही होतं. मग परत ३०० केल्व्हिन आणि परत तोच मेसेज मला. नेटवर्कवर मॅक्स टाइम स्टेप लावा, पल्सच्या रुंदीच्या एक दशांश वगैरे, डिफॉल्टला त्याच्यावर मर्यादा नसते.

आता समजा पेटला. इथे निम्मे लोक खूश होऊन प्लॉट काढायला जातात आणि प्रेशर बघतच नाहीत. बघा एकदा! माझ्याकडे आलेल्या एका कोडमध्ये १ अ‍ॅटमॉस्फिअरचा बर्नर शेवटी साडेसात अ‍ॅटमॉस्फिअरला चालत होता आणि त्यावर अख्खं एनओएक्सचं (नायट्रोजनच्या ऑक्साइडचं) चॅप्टर लिहून झालं होतं.

हे होतं कसं तर आउटलेटला पण मास फ्लो कंट्रोलर लावलेला असतो, इनलेटएवढाच फ्लो देऊन. ऐकायला बरोबर वाटतं, जेवढं आत तेवढं बाहेर. पण म्हणजे टाकीतलं मास कायम राहणार, व्हॉल्यूम तर कायम आहेच, आणि तापमान ३०० वरून २२२५ ला गेलं की प्रेशर त्याच पटीत, साधारण ७.४ पट वर. बंद डब्यात फटाका. आणि इक्विलिब्रेटने सुरू केलं असेल तर ही चूक आणखी छुपी होते कारण सुरुवातीलाच मास गरम गॅसचं आहे, प्रेशर १ च्या आसपासच दिसतं, सगळं छान. मग तुम्ही रेसिडन्स टाइम कमी करत ब्लोआउट (बर्नर विझतो तो बिंदू) शोधायला जाता, तापमान घसरत घसरत १७०० ला येतं तेव्हा प्रेशर पाऊण अ‍ॅटमॉस्फिअर झालेलं असतं आणि विझल्यावर तर ०.१४ पेक्षाही खाली. म्हणजे ब्लोआउट पॉइंट तुम्ही भलत्याच प्रेशरला काढलात. एरर कुठेही येणार नाही.

म्हणून आउटलेटला प्रेशर कंट्रोलर लावायचा, त्याला इनलेटचा फ्लो कंट्रोलर प्रायमरी म्हणून द्यायचा (जुन्या कोडमध्ये हाच शब्द 'मास्टर' असा दिसेल). तो काय करतो तर इनलेटचा फ्लो अधिक के (तुम्ही द्यायचा गुणक) गुणिले प्रेशरचा फरक एवढा गॅस बाहेर सोडतो, आणि उत्तर निगेटिव्ह आलं तर शून्य धरतो, उलटा फ्लो देत नाही. हे मी मॅन्युअलमध्ये वाचून सांगत नाहीये, सी प्लस प्लसचा सोर्स उघडून बघितलंय, आणि मला विचाराल तर कॅन्टेरा वापरायचं मुख्य कारण हेच आहे. कॅल्टेकच्या डेव्हिड गुडविन यांनी हे सुरू केलं आणि कोड बीएसडी लायसन्सखाली उघडा आहे, त्यामुळे 'आत काय होतंय' या प्रश्नाचं उत्तर फाइल उघडून मिळतं, लायसन्स विकणाऱ्याला मेल टाकून बसावं लागत नाही.

आता तो के. यावर जरा थांबतो कारण सगळ्यात जास्त डोकं इथेच खाल्लं जातं आणि कोणी नीट सांगत नाही. उदाहरणात के ०.०१ लिहिलेलं असतं, लोक तेच ठेवतात. पण के ला युनिट आहे, किलो प्रति सेकंद प्रति पास्कल, म्हणजे तो तुमच्या टाकीच्या साइझवर अवलंबून असणारच ना. कॅन्टेरात रिअ‍ॅक्टरचा डिफॉल्ट व्हॉल्यूम १ घनमीटर असतो. त्यात २२२५ केल्व्हिनचा गॅस साधारण ०.१५१ किलो मावतो, रेसिडन्स टाइम १ मिलिसेकंद धरला तर फ्लो झाला १५१ किलो प्रति सेकंद. हा आकडा बघून एकीने मला रात्री साडेअकराला मेसेज केलेला की सर माझा बर्नर म्हणजे थर्मल पॉवर स्टेशन झालंय. काळजी नको, अ‍ॅडियाबॅटिक केसमध्ये (उष्णता बाहेर जात नाही तेव्हा) फ्लो आणि व्हॉल्यूमचं गुणोत्तरच कामाचं. पण के ला हे सगळं लागू होतं.

हिशोब असा. प्रेशर १ पास्कलने वाढायला टाकीत किती मास जास्त हवं, तर ०.१५१ भागिले १,०१,३२५, म्हणजे साधारण ०.०००००१५ किलो. त्याला के ने भागलं की प्रेशर जागेवर यायला लागणारा वेळ मिळतो. के ०.०१ असेल तर ०.१५ मिलिसेकंद, रेसिडन्स टाइमपेक्षा सहा-सात पट फास्ट, मस्त. कुणीतरी 'सेफ' म्हणून ०.००००१ केलं तर ०.१५ सेकंद, म्हणजे दीडशे रेसिडन्स टाइम गेले तरी प्रेशर अजून सरकतंच आहे, आणि ट्रान्झियंट बघणाऱ्याला तो आपल्या केमिस्ट्रीचा ट्रान्झियंट वाटतो. आता उलटं करा. लॅबमधला जेट स्टर्ड रिअ‍ॅक्टर समजा ५० सीसीचा आहे, तुम्ही प्रामाणिकपणे खरा व्हॉल्यूम टाकला आणि के ०.०१ तसाच ठेवला, तर प्रेशरचा वेळ निघतो साडेसात नॅनोसेकंद. १ मिलिसेकंदच्या रिअ‍ॅक्टरला साडेसात नॅनोसेकंदचा झडपेचा झटका. सॉल्व्हर स्टिफवालाच आहे त्यामुळे पुष्कळदा हे पचवतो, पण त्यात शून्याखाली कापणारी अट पण आहे, त्या कोपऱ्यावर तो अडकला की बारीक बारीक पावलं टाकत बसतो आणि शेवटी एरर.

मी वापरतो तो ठोकताळा: के म्हणजे १० गुणिले इनलेटचा मास फ्लो भागिले प्रेशर. १ घनमीटरच्या केसला ०.०१५ येतं, उदाहरणातल्या ०.०१ च्या जवळच. ५० सीसीच्या केसला येतं ०.००००००७४. बघा किती फरक आहे. हा ठोकताळा रेसिडन्स टाइमच्या दहाव्या भागात प्रेशर सेटल करतो, बास तेवढं पुरतं. आणि स्टेडी स्टेटला आत आणि बाहेर सारखंच असल्यामुळे प्रेशरचा फरक शून्यच होतो, के कितीही असला तरी, त्यामुळे के ने उत्तर बदलतंय असं दिसलं तर समजा की तुम्ही अजून स्टेडीला पोचलाच नाहीत.

रेसिडन्स टाइमबद्दल पण बोलून टाकतो कारण हा तिसरा नंबरचा प्रश्न. 'माझं ब्लोआउट पेपरशी सात पटीने जुळत नाही.' सात पट ऐकलं की मी कोड न बघता सांगतो, तू फीडची डेन्सिटी घेतलीस. ३०० केल्व्हिनला तोच गॅस १.१२ किलो प्रति घनमीटर, जळालेला ०.१५१, गुणोत्तर ७.४. पुस्तकातला स्पेस टाइम (टाकीचा व्हॉल्यूम भागिले फीडचा व्हॉल्यूम फ्लो) फीडच्या कंडिशनवर असतो आणि लिक्विडच्या गणितांमध्ये डेन्सिटी बदलत नाही त्यामुळे दोन्ही एकच असतात, तीच सवय इथे येते. कम्बस्टरमध्ये रेसिडन्स टाइम म्हणजे टाकीत आत्ता असलेलं मास भागिले मास फ्लो. म्हणून इनलेटला एक आकडा देऊ नका, फंक्शन द्या जे दर वेळी रिअ‍ॅक्टरचं त्या क्षणाचं मास घेऊन रेसिडन्स टाइमने भागेल. एकदाच सुरुवातीला काढलेला आकडा दिला की तापमान बदलल्यावर रेसिडन्स टाइम आपोआप बदलतो आणि एक्स अ‍ॅक्सिसवर तुम्ही लिहिलेला आकडा खोटा होतो. पेपरशी जुळवताना आधी बघा त्यांनी कुठला घेतलाय, काही जण स्पेस टाइमच देतात आणि सांगत नाहीत.

ब्लोआउटचा स्वीप करणाऱ्यांना एक अजून. रेसिडन्स टाइम मोठ्याकडून छोट्याकडे न्या, प्रत्येक पायरीला आधीच्या पेटलेल्या अवस्थेतून पुढे जा. एकदा विझला की नंतर वेळ वाढवून तो परत पेटणार नाही, परत काडी लागेल, हा बग नाही, तोच एस कर्व्ह आहे. परत पेटवायचा तर रिअ‍ॅक्टरशी जोडलेला गॅस गरम अवस्थेला सेट करा, मग रिअ‍ॅक्टरवर सिंकस्टेट, मग नेटवर्कवर रीइनिशियलाइज. शेवटचे दोन विसरलात तर रिअ‍ॅक्टरला पत्ताच नाही की तुम्ही काही बदललंय. आणि स्टॉइकिओमेट्रिक मिथेनचा ब्लोआउट १ मिलिसेकंदापेक्षा बराच खाली असतो, त्यामुळे १ सेकंदापासून ०.१ च्या पायऱ्यांनी उतरू नका, दर पायरीला ०.९ ने गुणा.

दोन रिअ‍ॅक्टर एकामागे एक लावले असतील आणि दोघांना एकच गॅस ऑब्जेक्ट दिला असेल तर गॅसचं तापमान प्रिंट करू नका, ज्याचा हिशोब शेवटी झाला त्याचं दिसेल. रिअ‍ॅक्टरचं तापमान रिअ‍ॅक्टरलाच विचारा. एवढंच.

एरर आलाच तर तो वाचा हो, स्क्रीनशॉटमध्ये फक्त शेवटची लाल ओळ पाठवतात सगळे. एमएक्सस्टेप इतक्या स्टेप झाल्या तरी वेळ गाठता आली नाही असं काहीतरी असतं, आणि त्याच्या खाली सर्वात जास्त एरर असलेल्या कंपोनंटची यादी येते, नुसते नंबर. लोक ती यादी सोडून देतात आणि खरं सोनं तिथेच आहे. आयडियल गॅस रिअ‍ॅक्टरला ० म्हणजे मास, १ म्हणजे व्हॉल्यूम, २ म्हणजे तापमान, ३ पासून स्पीशीज. नेटवर्कच्या कंपोनंट नेम फंक्शनला नंबर दिला की नाव सांगतं. वर मास असेल तर के कडे बघा. एखादी कुठलीतरी अनोळखी स्पीशीज असेल तर मेकॅनिझम फाइलकडे बघा. मॅक्स स्टेप्स २०,००० वरून दहा लाख करणं हा उपाय नव्हे, तेवढा वेळ चहा पिता येतो फक्त.

मेकॅनिझमवरून, उलटा प्रॉब्लेम पण येतो कधी कधी, थंड फीड दिला आणि काडी न लावता रिअ‍ॅक्टर पेटला. हे दिसलं की हाताने लिहिलेल्या वायएएमएल फाइलमध्ये वर युनिट्सची ओळ आहे का ते बघा. ती नसेल तर कॅन्टेरा मीटर, किलोमोल आणि जूल प्रति किलोमोल धरतो. तुम्ही पेपरमधून ३०,००० कॅलरी प्रति मोलची अ‍ॅक्टिव्हेशन एनर्जी उचलून टाकली, ती त्याने ३०,००० जूल प्रति किलोमोल वाचली, म्हणजे ३० जूल प्रति मोल, म्हणजे डोंगराच्या जागी स्पीडब्रेकर पण नाही. वर प्री-एक्स्पोनेन्शियल सेंटिमीटर-मोलमधला असेल तर दोन रेणूंच्या रिअ‍ॅक्शन हजार पट फास्ट. केमकिनच्या (जुन्या ज्वलन सॉफ्टवेअरच्या) फाइली हाताने उतरवू नका, कन्व्हर्टर दिलेला आहे तो हेडर वाचून युनिट घेतो. तो डुप्लिकेट रिअ‍ॅक्शनवरून ओरडला तर लगेच परमिसिव्ह लावून गप्प करू नका, आधी बघा की खरंच दोन वेगळ्या रिअ‍ॅक्शन आहेत की पेस्ट करताना एकच दोनदा आलीय.

आणि घरगुती एलपीजी जीआरआय ३.० ने करायला जाऊ नका. त्यात ब्युटेनच नाही, प्रोपेनला येऊन थांबतं, आणि ते मेकॅनिझम नॅचरल गॅससाठी ट्यून केलेलं आहे. बायोगॅस, म्हणजे मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड, चालेल. ब्युटेनचं नाव दिलं की अनोळखी स्पीशीज म्हणून एरर येतो तेव्हा कुणीतरी ब्युटेन काढून सगळं प्रोपेन धरतं आणि रिपोर्टवर 'एलपीजी' लिहितं, तसं करू नका, दुसरं मेकॅनिझम शोधा.

व्हर्जनचं थोडक्यात: कोड सीटीआय किंवा एक्सएमएल फाइल मागत असेल तर तो जुना आहे, ३.० पासून ते फॉरमॅट काढून टाकलेत, फाइल वायएएमएलमध्ये बदलून घ्या. यूट्यूबवरचे बरेच व्हिडिओ त्याच्या आधीचे आहेत.

एवढं सगळं करूनही अडलात तर विचारा, पण तीन गोष्टी पाठवा: कॅन्टेराचं व्हर्जन, मेकॅनिझमची फाइल, आणि सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी रिअ‍ॅक्टरचं तापमान, प्रेशर आणि मास, तिन्ही एका ओळीत छापून. इनलेट रिझर्व्हॉयरचा ऑक्सिजन पण. 'सर चालत नाहीये' एवढंच लिहिलंत तर मी परत हीच लिंक पाठवणार.